बंदुकीला कोणतं तेल

आमच्या घरात नोकरी बाबांना नव्हती, बंदुकीला होती. हे मी गमतीनं लिहीत नाही. अकोल्यात बँकांना गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीकडे माणसं दोन प्रकारची असतात. एक काठी आणि शिट्टीवाला. त्याला वॉचमन म्हणतात. दुसरा स्वतःची परवान्याची बंदूक घेऊन येणारा. त्याला गनमॅन म्हणतात. वॉचमनला कधीही घरी बसवता येतं, कारण काठी कुणाच्याही हातात देता येते. गनमॅनला मात्र दाराशी खुर्ची मिळते, बँकेचा मॅनेजर त्याला काका म्हणतो, आणि त्याच्या जागी सहजासहजी दुसरा सापडत नाही. बाबा गनमॅन होते. ते सगळं आजोबांच्या दोन नळ्यांच्या बंदुकीमुळे, दुनाळीमुळे होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजोबांचं वावर बाळापूरकडे होतं. रानडुकरं आणि रोही पिकात शिरायचे म्हणून त्यांनी परवाना काढला होता. आजोबा गेल्यावर काकांनी वावर घेतलं आणि बाबांनी परवाना आपल्या नावावर करून घेऊन बंदूक घेतली. काकू अजून लग्नाकार्यात चार बायकांसमोर म्हणतात, "आमी माती घेतली, इच्या बापानं लोखंड घेतलं." त्या लोखंडावर आम्ही जुन्या शहरात बिऱ्हाड केलं आणि त्याच लोखंडावर मी अमरावतीला राहून बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आज मी अमरावतीत एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करते. सकाळी टेबलाशी बसताना अनेकदा मला बँकेच्या दारात दिवसभर उभे असलेले बाबा आठवतात. खुर्ची असूनही ते बसत नसत. बसलं की बंदूक आडवी होते आणि लोकांना भीती वाटते, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी बंदुकीची साफसफाई असे. बाबा मधल्या खोलीचं दार लावून घेत, खिडकी ओढून घेत, आणि खाटेवर जुनं धोतर अंथरून दुनाळीचे तीन भाग वेगळे करत. दार लावायचं कारण साधं होतं. आमच्या बोळीत एका घरात भाजी जळली तरी वास चार घरांना कळायचा. बंदूक बाहेर काढली की पोरं जमायची, मग मोठी माणसं, मग कुणीतरी विचारायचं, "काय मामा, आज कोनाचा नंबर?" बाबांना ते आवडत नसे. बंदूक असलेल्या माणसानं कमी दिसावं, हा त्यांचा नियम होता.

बंदुकीसाठी बाजारात खास तेल मिळतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर घरात जे असेल ते बाबांनी लावून पाहिलं होतं. सरकीचं तेल लावलं तर ते चिकट झालं आणि गोधडीचे धागे नळीला जाऊन चिकटले. फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा उंदरांना वास लागला आणि त्यांनी बंदुकीचा कातडी पट्टा कुरतडला. खोबरेल उन्हाळ्यात छान वागलं, पण थंडी पडल्यावर नळीत पांढरं होऊन बसलं. बाबा नळीतून उजेडाकडे बघत म्हणाले, "याच्यात तं लोणी निंगून राह्यलं." एरंडेल इतकं जाड की घोडा सुस्त झाला. गॅरेजमधलं काळं ऑइल एकदा आणलं, त्यानं बाबांचा युनिफॉर्म, खाटेवरचं धोतर आणि आईचं डोकं, तिन्ही खराब केलं.

शेवटी टिकलं ते आईच्या शिलाई मशीनचं तेल. पातळ, वास नसलेलं, न वाळणारं. आई ब्लाउज शिवायची, तिच्या मशीनच्या खणात ती छोटी बाटली असे. बाबा रविवारी ती गुपचूप काढत, आणि आई सोमवारी बाटली उचलून उजेडात धरी.

"मशीन माही, तेल माह्य, आन् लावाले तुमच्या त्या सवतीले," ती म्हणे.

"सवत कमावते म्हनून मशीन चालते तुही," बाबा म्हणत.

"मंग तिलेच सांगा भाकरी टाकाले."

सवत हे नाव तेव्हापासून पडलं. बाबा ड्यूटीवर निघाले की आई आतून विचारायची, "सवत घेतली का?" पाहुण्यांना काही समजायचं नाही.

मशीनचं तेल हे शेवटचं काम. त्याआधी जुना मळ काढायला राकेल लागे, ज्याला माझी आजी मातीचं तेल म्हणायची. बाबा घरातल्या जुन्या गंजात थोडं राकेल घेत. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि ॲल्युमिनियमला जर्मन. गजाला चिंधी गुंडाळून ती राकेलात बुडवून नळीतून फिरवायची, घोड्याची जागा ब्रशनं घासायची, मग कोरड्या फडक्यानं सगळं पुसून वर मशीनचं तेल. राकेल तसंच राहिलं तर लोखंड उघडं पडतं आणि हवेतली ओल धरतं, हे त्यांना पावसाळ्यातल्या अनुभवानं समजलं होतं. त्याच खोलीच्या कोपऱ्यात खाली पाटावर आमचे देव होते. त्यांच्यासमोर दिवा तेवत असे, बाजूला राकेलाचा गंज असे, आणि कधी काही झालं नाही. राकेल काडी लावल्याशिवाय पेटत नाही, तेही वात असली तर नीट पेटतं, हे आमच्या घरचं ज्ञान होतं. ते चूक नव्हतं. ते राकेलापुरतं होतं.

राहिलं जवसाचं तेल. आजोबा नेहमी म्हणायचे, "बंदुकीले जवसाचं तेल पाह्यजे." बाबांनी लहानपणी त्यांना तेलघाणीवरून आणलेलं जवसाचं तेल तळहातावर घेऊन बंदुकीच्या लाकडी कुंद्याला चोळताना पाहिलं होतं. ते लाकूड अजून पिकल्या चिंचोक्यासारखं चमकतं. आजोबा म्हणाले 'बंदुकीले', आणि त्यांचा हात फक्त लाकडावर फिरायचा. म्हातारा माणूस तेवढं फोडून सांगत नाही.

ज्या वर्षी दोनदा निवडणुका झाल्या त्या वर्षी आमचं सगळं बिघडलं. निवडणूक लागली की परवानाधारकांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. बँकेच्या गार्डांना सूट मिळते, बाबांना दरवेळी मिळत आली होती. पण त्या वेळी बँकेनं एजन्सी बदलली. जुन्या एजन्सीचं पत्र चालेना आणि नव्या एजन्सीचं पत्र वेळेत पोहोचलं नाही. ठाण्यातून निरोप आला, जमा करा.

बाबांना बंदूक देण्याचं दुःख नव्हतं. ती ठाण्याच्या कोठीत पावसाळी हवेत, इतर बंदुकांच्या गर्दीत पडून राहणार, तिला कुणी पुसणार नाही, याचं होतं. मशीनच्या तेलाची बाटली एवढ्या मोठ्या बंदुकीला आणि एवढ्या दिवसांना पुरणार नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी विचार करून जवसाचं तेल आणलं. त्या दिवशी मी फोनवर होते, आणि त्यांनी मला अगदी पटेल असं सांगितलं.

"पाह्य बाई, बाकी तेल वघळते. जवसाचं तेल वाळते आन् साय धरते. साय धरली का पानी आत जात नाही. तुया आजानं तेच केलं, म्हनून ते लाकूड अजून हाये."

त्यांनी ते सगळीकडे लावलं. नळ्यांवर, बिजागरीत, घोड्यांच्या आत, चापाच्या फटीत. लाकडाला तर लावलंच.

बंदूक परत मिळाली तेव्हा तिच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. आणि ती उघडतही नव्हती. जवसाच्या तेलानं कबूल केल्याप्रमाणे साय धरली होती, पण तांबूस, डिंकासारखी, आणि ती आतल्या प्रत्येक फटीत धरली होती. वरची कळ अंगठ्यानं दाबली तरी हलेना. जोर लावून एकदा उघडली तर चाप दाबल्यावर घोडा थांबून, विचार करून पडला. आई म्हणाली, "सवतीले संधिवात झाला." त्या दिवशी बाबा हसले नाहीत.

कारण नव्या एजन्सीची तपासणी आली होती. अमरावतीच्या कार्यालयात येत्या सोमवारी सगळ्या गनमॅनच्या बंदुका बघणार होते. उघडून, मिटून, घोडा पाडून. जी बंदूक चालणार नाही तिच्या मालकाचं नाव यादीतून काढणार होते. बाबा वयानं साठीकडे झुकलेले. यादीतून एकदा नाव गेलं की परत कोण लावतो?

बाबांनी ओळखीच्या बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो गावाला होता, लग्नात. मागं बँड वाजत होता. "राकेलात भिजू घाला काका, रातभर," तो ओरडून म्हणाला. "सुटते. मंग पुसून मशीनचं तेल द्या." मी आल्यावर बघतो, असंही म्हणाला, पण त्याचं येणं बुधवारी होतं.

आता राकेल कुठून आणायचं? ज्यांनी गेल्या काही वर्षांत शहरात राकेल शोधलंय त्यांनाच हे समजेल. घरोघरी गॅस आला आणि रेशनचं राकेल बंद झालं. आमच्या घरातली शेवटची बाटली कधीच संपली होती. बाबा शनिवारी रेशनच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, राकेल म्हनता का? ते तं आता म्युझियममदी ठेवाले पाह्यजे." तिथून ते मोर्णा नदीच्या पलीकडे हार्डवेअरच्या दुकानांत गेले. रंगाच्या दुकानदारानं थिनर दाखवलं. बाबांनी वास घेतला आणि परत केलं. थिनरनं कुंद्याची चमक जाईल, असं त्यांना वाटलं. त्यानं टर्पेंटाइन सांगितलं. ते नाव बाबांनी ऐकलं नव्हतं. ज्याचं नाव माहीत नाही ते बाबा बंदुकीला लावणार नव्हते. ही सावधगिरी होती. आज मला त्या सावधगिरीचा फार राग येतो आणि राग धरावा असं त्यात काही सापडत नाही.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. अंगणात त्यांची मोटारसायकल उभी होती.

आमच्याकडे पेट्रोलला कुणी पेट्रोल म्हणत नाही. गाडीत तेल टाकलं, तेल संपलं, तेलाचे भाव वाढले, असंच म्हणतात. मीही म्हणते. बाबांनी गाडीच्या टाकीखालची नळी काढून गंजात थोडं काढलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "भेटलं का?"

"नाही. गाडीतलंच तेल घेतो."

"होते का त्यानं?"

"तेलच हाये ना. राकेलापेक्षा साफ हाये उलट."

दोघांच्या बोलण्यात यापलीकडे काही झालं नाही. मी हे संभाषण आईकडून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्यासमोर घडल्यासारखं वाटतं. ज्या वस्तूला आपण तेल म्हणतो तिला आपण तेलासारखं वागवतो. तेल वाट पाहतं. वात पाहिजे, काडी पाहिजे, जवळ नेलं पाहिजे. हे दुसरं तेल वाट पाहत नव्हतं. ते गंजातून उठून जमिनीवर, खाटेखाली, देवाच्या पाटापर्यंत जाऊन बसलं होतं आणि दिसत नव्हतं. दार लावलेलं होतं. खिडकी ओढलेली होती.

पुढचं आईच्या शब्दांत सांगते. दवाखान्यात, नंतर घरी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं हे सांगितलं.

"दिवाबत्तीची येळ झाली होती. म्या दार लोटलं. हे खाली बसून ब्रशानं घासून राह्यले होते. म्हनलं, वास किती सुटला, खिडकी तं उघडा. हे म्हनले, उघडतो, झालंच. म्या देवापुढं बसली. काडी वढली. दिव्याले लावलीच नाही वो बाई, नुसती वढली. आन् भप् झालं. जमीनच पेटली. माह्या पायापासून तं त्यायच्यापर्यंत निळा निळा जाळ. गंज पेटला. माह्या लुगड्याचा काठ पेटला. यायनं..."

इथं ती थांबायची. कारण इथं गोष्ट दोन प्रकारची होती. नातेवाइकांना ती सांगे, "यायनं पेटलेला गंज तसाच दोनी हातानं उचलला आन् बाह्यर नेला. मले वाचवाले." पण माझ्याजवळ एकटी असताना एकदा म्हणाली, "पह्यले त्यायनं बंदूक खाटंवर फेकली. मंग गंज उचलला." आणि जरा वेळानं, "मी तं माह्या हातानंच इझली. पदर झटकून."

गंज अंगणात नेताना हिंदकळला. जळतं पेट्रोल बाबांच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत सांडलं. डावा हात थोडक्यात सुटला. आईच्या पोटऱ्या पोळल्या, त्या पुढं बऱ्या झाल्या.

मी अमरावतीहून मिळेल त्या बसनं पोहोचले. सरकारी दवाखान्याच्या दारातच एक लांबचे मामा भेटले. "गोळी कुठं लागली?" त्यांनी मला विचारलं. बंदूक साफ करताना भाजलं, एवढं वाक्य बोळीतून निघून दवाखान्यापर्यंत येईस्तोवर त्याची गोळी झाली होती. बाळापूरला तर बाबा गेल्याची बातमी पोहोचली होती आणि काकू रडत निघाल्या होत्या. वॉर्डात त्यांना जिवंत बघून त्या आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, "म्या म्हनलं होतं, माती घ्या."

पट्ट्यांत गुंडाळलेला हात छातीवर धरून बाबा पडले होते. ते म्हणाले, "वहिनी, माती तं आता भेटनारच होती, थोडक्यात हुकली."

भाजलेल्या माणसाचा जबाब घ्यायला पोलीस येतात. हवालदार आमच्या भागातलाच होता, त्याला समजायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो तरुण डॉक्टरला. तो कोल्हापूरकडचा होता, नवा आलेला, फार चांगला मुलगा. त्यानं आईला विचारलं, "बंदुकीला गंज चढला होता का, आजी?"

"गंज नव्हता," आई म्हणाली. "गंजात होती."

"म्हणजे गंजली होती?"

"नाही न, बाप्पा. गंजात ठुली होती. धुवाले."

"किती गंज होता?"

"एकच. जर्मनचा."

हवालदारानं तोंड फिरवलं. बाबांचं अंग हसण्यानं हललं आणि लगेच वेदनेनं आवळलं. त्या वॉर्डात आम्ही एकदाच हसलो, ते हे.

बाबा दवाखान्यात असेपर्यंत बंदूक पुन्हा ठाण्यात गेली. परवानाधारक घरी नसताना ती घरात ठेवता येत नाही. एजन्सीला मी स्वतः जाऊन भेटले. तिथल्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी बाबांचं नाव काढलं नाही, बरे झाले की पुढच्या तपासणीला आणा म्हणाल्या. मी त्या दिवशी खूप आशेनं घरी फोन केला.

मांडीची कातडी काढून हातावर बसवली. जखम भरली. पण भरताना कातडी आवळली आणि अंगठा तळहाताकडे ओढला गेला. तर्जनी अर्धी वाकलेली राहिली, ती ना सरळ होई ना पुरी मिटे. व्यायाम सांगितले होते. बाबा रोज सकाळी ओट्यावर बसून रबराचा चेंडू दाबत. चेंडू हातात राहायचा, दबायचा नाही.

आईनं दिवा लावणं सोडलं होतं. बाबांनी दोनदा सांगून पाहिलं. मग बाजारातून विजेवरची पणती आणून पाटावर ठेवली. आई तिच्यासमोर बसे, पण हात जोडत नसे. दोघं एकमेकांना दोष देत नव्हते. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटे. आई जेवताना त्यांना घास भरवायला जायची, ते डाव्या हातानं खायचे, आणि वाटी मधेच राहायची.

ठाण्यातून बंदूक मिळाल्यावर दुरुस्तीवाल्यानं ती नेली आणि पूर्ण खोलून साफ करून आणली. त्या दिवशी मी सुटीवर घरी होते. त्यानं ती डाव्या हातावर ठेवून कळ दाबली, दुनाळी दुधावरच्या सायीत बोट जावं तशी उघडली. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "झाली बाप्पा मोकळी."

तपासणीला मी बरोबर गेले. अमरावतीच्या त्या कार्यालयात एका लांब टेबलापाशी निवृत्त सुभेदार बसले होते. समोर बंदुका घेतलेली बाबांच्या वयाची माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांनी दाढ्या केल्या होत्या. काहींनी केस काळे केले होते. बाबांनी उजवा हात फुलबाहीच्या शर्टात ठेवला होता आणि बटण लावलं होतं.

सुभेदारांनी बंदूक घेतली, उघडली, नळ्यांतून ट्यूबलाइटकडे बघितलं. घोडे पाडून पाहिले. मग पुन्हा एकदा बघितलं.

"वा," ते म्हणाले. "सकाळपासून अशी साफ बंदूक आली नाही. काय लावता?"

"मशीनचं तेल, सायेब."

"बाकीच्यांना सांगा जरा. काहीतरी डालडा लावून आणतात." रांगेत लोक हसले. सुभेदारांनी दोन रिकामी काडतुसं टेबलावर ठेवली. "भरा, मिटा, खांद्याला लावा, एकएक चाप दाबा."

बाबांनी बटण सोडलं नाही. त्यांनी बंदूक डाव्या हातानं घेतली, कुंदा मांडीला टेकवला आणि उजव्या हाताच्या मनगटाच्या हाडानं कळ ढकलली. कळ हलली. बंदूक उघडली. काडतुसं डाव्या हातानं भरली, एक खाली पडलं, मी उचलायला वाकले तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." स्वतः वाकून उचललं. मिटली. खांद्याला लावली. मग त्यांची तर्जनी चापाच्या कडीजवळ गेली आणि कडीच्या बाहेर थांबली. आत जाईना. त्यांनी मधलं बोट नेलं. ते आत गेलं, पण मागं ओढलं जाईना. कपाळावर घाम आला.

सुभेदार उठून टेबलाच्या या बाजूला आले. त्यांनी बंदूक बाबांच्या खांद्यावरून अलगद घेतली आणि शर्टाच्या बाहीचं बटण स्वतः सोडून हात बघितला.

"काका," ते म्हणाले, "बंदूक पास आहे."

बाबा म्हणाले, "हो सायेब."

"मुलगा असेल तर परवाना त्याच्या नावावर करा. बंदूक चांगली आहे, वाया नका घालवू. त्याला घेतो मी, शब्द देतो."

"पोरगी हाये," बाबा म्हणाले. "हे काय. ग्रॅज्युएट हाये." आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ती दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नाची होती.

सुभेदारांनी मान हलवली. मागच्या माणसाला पुढं या म्हणाले. त्या माणसानं पुढं होताना बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

बंदूक आम्ही परवानाधारक दुकानदाराकडे विकायला दिली. कागद व्हायला वेळ लागला, पण बंदूक नेऊन द्यायचं काम बाबांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. परत जाताना बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, कारण मला वाटलं आता विचारायला काही हरकत नाही.

"बाबा, त्या दिवशी आधी काय उचललं?"

"समजलंच नाही वं बाई," ते म्हणाले. "बंदूक हातात होती. हातातलं ठेवल्याबिगर गंज कसा उचलू? ठुली का फेकली, मले नाही आठवत. तुया आईले सांग, तिच्यासाठीच उचलला."

"तुम्हीच सांगा ना."

"म्या सांगितलं तं तुही आई म्हनन, बंदूक गेली म्हनून आता माही आठवन आली."

मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली.

"त्यायनंच सांगाले लावलं ना तुले?" ती म्हणाली.

मी तिच्या पुढ्यातली भाजी पुन्हा वेगळी करायला घेतली.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. तिला काय माहीत होतं, त्यांनी माझ्याकडून निरोप पाठवला हे की गंज तिच्यासाठी उचलला हे, ते मी विचारलं नाही.

एजन्सीनं नंतर बाबांना एका गोदामावर वॉचमनची जागा दिली. त्या बाईंनीच शब्द टाकला, मी त्यांची कायमची ऋणी आहे. काठी डाव्या हातात धरता येते. तिथं खुर्ची आहे, आणि बाबा आता तिच्यावर बसतात.